डोळखांबची त्सुनामी

डोळखांबहून समुद्र बघायचा तर जीप, लोकल आणि पुन्हा बस लागते. तरी जानेवारीत तिथं त्सुनामीची रंगीत तालीम झाली. एका संस्थेला जिल्ह्यात अशा दहा तालमी करायच्या होत्या. नववी झाल्यावर किनारा संपला, म्हणून दहावी डोळखांबला.

संस्थेच्या अनिकेतने भात कापलेल्या खाचरात चुन्याने किनारा आखला. तीस जण पर्यटक झाले. त्यांना गवती टोप्या आणि काळे चष्मे मिळाले. चौघे हॉटेलचे वाढपी झाले, त्यांना नुसते टॉवेल. पन्नाशीकडे झुकलेली जनी पर्यटकांत होती. भोंगा वाजला की टेकडीवर पळायचं, एवढंच काम. नंतर जेवण होतं.

भोंगा वाजला. म्हाताऱ्या टोप्या सावरत पळाल्या. मागून पोलीस पाटील भगीरथ निळी ताडपत्री धरून आले. ते लाट होते. दोनदा धसकटात अडकून पडले. टेकडीवर अनिकेतने टोप्या मोजल्या. तीस. तालीम यशस्वी झाल्याचं त्याने जाहीर केलं.

वाढपी कुठं आहेत, असं जनीने विचारलं. तक्त्यात फक्त पर्यटकांचा रकाना आहे, अनिकेत म्हणाला. जनीने टोपी काढली आणि तिथंच बसली.

तिचा नवरा धाऊ कल्याणला भांडी घासता घासता आचारी झाला होता. तिथल्या मालकाने त्याला थायलंडच्या किनाऱ्यावरच्या हॉटेलात नेलं. २००४ च्या डिसेंबरात, पाहुण्यांच्या नाश्त्याच्या वेळी लाट आली. पाहुण्यांची यादी होती. त्यांचे नातलग फोटो घेऊन विमानाने आले. आचाऱ्याला शोधायला जनी कशी जाणार? महिन्याने एक फोन आला, हॉटेल उरलं नाही एवढंच सांगणारा. गावाने धाऊचं बारावं उरकलं.

"माझा धाऊ खाली ऱ्हायलाय," जनी म्हणाली. "त्याला कोणी शोधलाच नाय. शोधल्याबिगर मी नाय उतरायची."

अनिकेतने समजावलं की हे सगळं खोटं आहे, इथं कुणी बुडालेलं नाही. भगीरथ ताडपत्रीची घडी घालत होते. ते आणि धाऊ एका वर्गात होते.

"खोटंच हाय ना साहेब?" ते म्हणाले. "मंग शोधाया काय जातंय?"

आणि सगळे शोधायला लागले. टोप्या घातलेले पर्यटक रांगा करून खाचरांतून फिरले. कुणी बांधामागं पाहिलं, कुणी पेंढ्याची उडवी उपसली, एकाने विहिरीत बादली सोडली. अंगात काय होतं, असं कुणीतरी जनीला विचारलं. पांढरा डगला असेल, ती म्हणाली. त्या कपड्यात तिने त्याला कधी पाहिलं नव्हतं. वय अठ्ठावीस. केस पिकलेले भगीरथ ओढ्यात उतरून "धाऊ रे, ए धाऊ" अशा हाका मारत राहिले. जनी टेकडीवरून ऐकत होती. वीस वर्षांत ते नाव कुणी एवढ्या मोठ्याने घेतलं नव्हतं.

चार वाजता ती आपणहून खाली आली आणि पुरे म्हणाली.

अनिकेत तक्ता घेऊन उभा होता. एवढं झाल्यावर काहीतरी लिहायलाच हवं होतं. सापडला लिहू की मृत, त्याने हळूच विचारलं.

"शोधला, असं लिवा," जनी म्हणाली.

तसा रकाना नव्हता. त्याने कडेला, मोकळ्या जागेत लिहिलं. मग सगळे जेवायला बसले. आमटी गार झाली होती. जनीने भात दोनदा मागून घेतला.