आमची बारी

घर गार की गरम, हे सांगायला शिकलेलं माणूस कशाला लागतं बाप्पा? वैशाखात दुपारी आत बसा, घरच सांगतं. पण सुरतेतल्या कोसाडच्या आमच्या नव्या सोसायटीनं करारातच घातलं होतं की बाहेरचं माणूस, ना बिल्डरचं ना आमचं, येऊन एकेक घर तपासणार. दिवसा दिव्याशिवाय उजेड हवा, पंख्याशिवाय वारा खेळायला हवा, गच्चीवर ऊन परतवायला पांढऱ्या फरशीचे तुकडे हवेत. तरच दाखला, आणि दाखला असेल तरच चावी.

मला दाखल्याचं कौतुक नव्हतं. मला आमच्या ह्यांची झोप पाहिजे होती. हे लूमवर रातपाळीला, आणि आमची खोली पत्र्याची. दिवसा डोळा लागेल तर शपथ. पंखा लावला तर तोही वाफच फेकायचा. मग मी ओला टॉवेल घेऊन उशाशी वारा घालत बसायची. मागच्या महिन्यात मशीनवर ह्यांना डुलकी लागली, बोट थोडक्यात वाचलं. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

तपासणीच्या दिवशी सगळे आपापल्या दाराशी उभे होतो. शेजारचं घर घेतलेल्या सुलभाताई, मराठी शाळेत शिकवतात, त्या माझ्याजवळ होत्या. तपासायला आलेली कॉलेजातली इंजिनीअर बेन आमच्या घरात शिरली, मागच्या भिंतीवर टकटक केलं आणि बिल्डरच्या मुकादमाला म्हणाली, "आ घरनी बारी बंध छे. नहीं चाले."

माझं डोकंच फिरलं. सकाळपासून उन्हात उभी मी, आणि माझी बारी बंद? सुरतेत येऊन वर्षच झालेलं, गुजराती मला कानावर पडेल तेवढीच. पण बारी म्हणजे काय ते अकोल्याचं शेंबडं पोरही सांगेल. नळावर, रेशनला जन्मभर दुसरं केलं काय? बारीच लावली, आपला नंबर धरून उभी राहिले.

मुकादम हात चोळत बेनला काहीबाही सांगत होता. बेन माझ्याकडे वळली. "बेन, तमारे बारी नथी जोईती?"

"काऊन नाही पाहिजे?" मी उंबऱ्यातच बसकण मारली. "माझी बारी आहे! मेले तरी सोडणार नाही. बारी पाहिजे म्हणजे पाहिजे!"

मुकादमाचं तोंड एवढंसं झालं. बेननं कागदावर फुली मारली आणि ती पुढच्या घरी गेली. नापास! मला रडूच कोसळलं. ह्या मेल्या जिभेनं हातातलं घर घालवलं.

आणि सुलभाताई पदरानं डोळे पुसत हसत होत्या. "अगं सरस्वती, गुजरातीत बारी म्हणजे खिडकी! तुमची मागची खिडकी बिल्डरच्या माणसांनी विटा लावून बुजवली. वर तो मुकादम सांगत होता, घरवालीलाच नकोय म्हणून. आता ती उघडून दिल्याशिवाय त्याची सुटका नाही."

"मग आधी सांगायचं ना!"

"आधी सांगितलं असतं, तर तू एवढी ओरडली असतीस?"

खिडकी उघडली, बेन पुन्हा येऊन बघून गेली, चावी मिळाली.

पहिल्याच दिवशी हे रातपाळीवरून आले, जेवले, चटईवर पडले. ऊन चढलं तरी मागच्या शेतावरून वारा आत येत होता. मी सवयीनं टॉवेल भिजवून उशाशी बसले, तर हे केव्हाच घोरायला लागलेले. मला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. किती वेळ तशीच बघत बसले. मग टॉवेल खिडकीच्या गजाला अडकवला आणि ह्यांच्या बाजूला आडवी झाले.

म्हणलं, चला बाई, आता आपली बारी.