बारपूजेची माळ

मी बोलतेय ती गोलपोस्टची आडवी दांडी. कोलकात्याच्या मैदानावर मला सगळे बार म्हणतात. वर्षभर माझ्या वाट्याला शिव्या आणि पोयला बैशाखला, म्हणजे बंगाली वर्षाच्या पहिल्या सकाळी, पूजा. त्या दिवशी इथला प्रत्येक क्लब आपल्या गोलपोस्टला शेंदूर लावतो, माळ घालतो, पुरोहित बोलावतो. नवा हंगाम चांगला जावा म्हणून. पूर्वी मला या बारपूजेचं फार अप्रूप होतं. आता त्या दिवसाचं नाव काढलं तरी डोक्यात तिडीक जाते.

मी साल नावाच्या झाडाच्या लाकडाची. निमतल्याच्या लाकूडगल्लीत मला तासलं. माझ्याबरोबरच्या ओंडक्यांची कुठे दारं झाली, कुठे पलंग झाले. मला उदयमिलन क्लबच्या सेक्रेटरींनी, रथीन कुंडूंनी, पसंत केलं आणि पांढरा रंग फासून दोन खांबांवर चढवलं.

त्याच हंगामात नीलमाधव सांतरा क्लबात आला. हुगळीकडच्या बटाट्याच्या गावातला, काळासावळा, रुंद छातीचा. तो स्टॉपर, म्हणजे गोलकीपरच्या पुढ्यात उभं राहून समोरच्याला अडवणारा. त्यामुळे त्याची पाठ मला जितकी ओळखीची होती, तितका त्याचा चेहरा नव्हता.

माणसांची एक तऱ्हा मी तेव्हापासून बघतेय. गोल मारणाऱ्याला खांद्यावर घेऊन नाचतात. गोल होऊ न देणाऱ्याला कुणी पाणीसुद्धा विचारत नाही. आणि एखादा गोल झालाच, तर सगळे त्याच्याकडेच बघतात. नीलूला याचं काही वाटत नसे. मला वाटे.

एकदा त्याला मोठ्या क्लबाचं बोलावणं आलं. रथीनबाबूंनी त्याला इथेच, माझ्याखाली गाठलं.

"नीलू, तू घरचा मुलगा. घरचा मुलगा कधी घर सोडून जातो का रे?"

"पण रथीनदा, अशी संधी पुन्हा..."

"संधी बाहेरच्यांना लागते. तुझा हा क्लब आहे!"

गडी विरघळला. राहिला. गुडघा पार निकामी होईपर्यंत इथेच खेळला आणि मग इथेच कोच झाला.

कोच म्हणून तो तोंडाचा तिखट होता. हाबूल नावाचा त्याचा स्टॉपर ऊठसूट जमिनीवर लोळण घ्यायचा.

"अरे हाबूल, चिखल दिसला की लोळायला तू म्हैस आहेस का? उभा राहा!"

"उभा राहिलो तर तो मारेल ना, नीलूदा!"

"मारू दे. पण खालून जागा देऊ नकोस. नाइलाजानं वरून मारेल. वरून मारताना भलेभले चुकतात."

महिनोन्‌महिने एवढंच. पोरं कंटाळायची, नक्कल करायची, पण शिकली.

मग एका वर्षी क्लबची पार दैना झाली. शेवटचा सामना हरलो असतो तर खालच्या डिव्हिजनमध्ये गेलो असतो. बरोबरीनं भागणार होतं. अगदी शेवटी समोरचा फॉरवर्ड एकटाच आत घुसला. आमचा गोलकीपर आधीच आडवा झाला होता. समोर फक्त हाबूल. तो लोळला नाही. शिकवल्यासारखा उभा राहिला, पुढे सरकला, खालची सगळी वाट त्यानं बंद केली. फॉरवर्डनं नाइलाजानं चेंडू उचलला. तो माझ्यावर आदळला आणि बाहेर गेला. क्लब वाचला.

क्लबच्या कचेरीच्या तंबूत स्ट्यू-टोस्टच्या बशा फिरू लागल्या. रथीनबाबूंचा आवाज मैदानापर्यंत येत होता.

"बारनं वाचवलं! आपल्या पूजेचं फळ आहे हे!"

"नीलूदांनी शिकवलं होतं तसंच केलं मी," हाबूल म्हणाला.

"गप रे! कोचच्या भरवशावर असतो तर बुडालोच होतो."

सगळे हसले. नीलूही हसला. संताप झाला माझा.

मग पोयला बैशाख आला. आमच्या क्लबात पूजेचा संकल्प कोचच्या नावानं होतो. त्यासाठी कोचनं उपाशीपोटी आसनावर बसायचं. नीलू आंघोळ करून, कडक धोतर नेसून आला. फळांचं ताट घेऊन बायको सुधाही आली होती. दुखरा गुडघा कसाबसा दुमडून तो माझ्याखाली बसला. पुरोहितांनी विचारलं, "नाव, गोत्र सांगा."

नीलूनं तोंड उघडलं, तेवढ्यात मागून रथीनबाबू म्हणाले, "थांबा ठाकूरमशाय. संकल्प सुबीर लाहिडींच्या नावानं करायचाय. आपले नवे कोच!"

गॉगल लावलेला एक माणूस पुढे झाला.

नीलू बसूनच होता. "रथीनदा, आधी सांगायचं तरी."

"अरे, तू घरचाच ना! घरच्या माणसाला काय सांगायचं? ऊठ, ऊठ, मुहूर्त टळेल. आणि लुची-भाजी खाल्ल्याशिवाय जाऊ नकोस हं, वहिनींनाही घेऊन बस."

गुडघ्यामुळे त्याला पटकन उठता येईना. हात द्यायला हाबूल पुढे आला, पण रथीनबाबूंनी नुसतं बघितलं आणि तो जागीच थबकला. शेवटी नीलू माझ्या खांबाला धरून उठला.

सुधाचे डोळे भरले होते. "चला घरी. सकाळपासून पोटात काही नाही तुमच्या."

"थांब. पूजा होऊ दे. मधेच निघालो तर क्लबला बाधेल."

तो शेवटच्या रांगेत जाऊन उभा राहिला. माझ्यावर शेंदूर चढला, झेंडूची जाडजूड माळ चढली. सगळ्यांनी डोळे मिटले. नीलूनंही मिटले आणि माझ्याकडे तोंड करून पुटपुटला, "पोरांना सांभाळ. खाली जाऊ देऊ नकोस." लुची न खाता दोघं निघून गेली.

नव्या कोचला गोल हवे होते. हाबूल पुन्हा लोळायला लागला. चेंडू माझ्याखालून जात राहिले आणि क्लब खालच्या डिव्हिजनमध्ये गेला. मग रथीनबाबूंनी शोध लावला की बारच अपशकुनी आहे. मला उतरवलं, लोखंडी पाइप बसवला. आता मी तंबूच्या स्वयंपाकघरामागे पडून आहे. आचारी माझ्यावर ओले गमछे वाळत घालतो.

येत्या बैशाखात त्या पाइपालाही माळ घालाल. घाला बापडे. पण त्याच्याकडे काही मागू नका. मी साधं लाकूड होते हो, मला कुणाला वाचवता येत नव्हतं. तुम्हाला वाचवणारा माणूस माझ्याखाली उपाशी बसला होता, आणि त्याला तुम्ही उठवलंत.