बारा रंगांची डबी

हातांना लागलेलं वंगण त्यानं चिंधीनं खसखसून पुसलं, तरी नखांच्या कडेला राहायचं ते राहिलंच. मग त्यानं उजवा हात खिशात घातला आणि डाव्या हाताचं बोट काचेपासून चार अंगुळं लांब धरून दाखवलं.

"ती द्या. चपटी. उघडून ठेवलीय ती."

काउंटरवरची विक्रेती त्याला चेहऱ्यानं ओळखत होती. दुकानाचा सरकता जिना बिघडला होता, आणि हा मेकॅनिक गेला आठवडाभर तिच्या समोरच, जिन्याच्या तोंडाशी पत्रा उचकटून मांडीएवढ्या खड्ड्यात उभा असायचा. खड्ड्यातून त्याची नजर बरोबर काउंटरच्या उंचीवर यायची. त्यामुळे बायका डोळ्यांवर लावायचे रंग कसे घेतात, याचं शिक्षण त्याला फुकटात मिळालं होतं.

सुटे रंगही होते तिथं, छोट्या गोल डब्यांमधून. त्यांच्यापाशी बायका रेंगाळायच्या, मनगटावर रेघा ओढून बघायच्या, मैत्रिणीचं मत घ्यायच्या आणि बहुतेक वेळा हात पुसून निघून जायच्या. पण ही चपटी डबी हातात आली की रंगच पालटायचा. झाकण उघडून आधी आतल्या आरशात स्वतःला बघायचं, मग रंगांकडे. बारा चौकोन, कुणाचंही बोट न लागलेले, प्रत्येकावर एक बारीक पान उमटवलेलं. झाकण मिटताना टिच्च असा आवाज व्हायचा. तो ऐकला की बाई हमखास पुन्हा उघडायची, आणि दुसऱ्यांदा उघडलेली डबी सहसा काचेत परत जायची नाही.

"कुणासाठी हवीय, काका?" विक्रेतीनं विचारलं.

मुलीसाठी, तो म्हणाला. वर्ण कसा आहे, तिनं विचारलं. तो म्हणाला गव्हाळ, आणि मग जरा थांबून, असेल. डोळे मोठे की बारीक? ती रोज लावते की समारंभापुरतं? कपडे कुठल्या रंगाचे जास्त वापरते? विक्रेती काही उलटतपासणी घेत नव्हती, हे ती सगळ्यांनाच विचारायची. पण प्रत्येक प्रश्नासरशी त्याची मान थोडी थोडी खाली जात गेली, आणि शेवटी तो खिशातल्या हातानं किल्ल्यांचा जुडगा उगाचच वाजवू लागला.

तिनं ते ओळखलं. पुढचे प्रश्न तिनं सोडून दिले आणि डबी त्याच्यासमोर ठेवली.

"मग हीच बरी. सुटं घ्यायचं तर माणूस माहीत असावा लागतो. हे कुणीतरी आधीच जुळवून ठेवलंय. यातले कुठलेही दोन घ्या, एकमेकांशी भांडत नाहीत."

कोपऱ्यातल्या गर्द निळ्याकडे बघत त्यानं विचारलं की हा असा भडक रंग कोण लावतं. कुणीच नाही, विक्रेती हसून म्हणाली. तपकिरी घासून घासून तळ दिसायला लागतो, तोवर निळ्यावरचं पानसुद्धा मोडलेलं नसतं. पण निळा काढून टाकला तर डबी कुणी हातात घेत नाही. कधीतरी लावू, असं प्रत्येकीला वाटतं.

त्यानं डबी घेतली. त्याचा जीव भांड्यात पडला होता, त्याला कारण होतं. सकाळपासून त्यानं सगळं दुकान पालथं घातलं होतं. चपलांच्या भागातली विक्रेती म्हणाली, नंबर सांगा. अंगठीवाला म्हणाला, बोटाचं माप आणा. कपड्यांच्या भागात तो एक झगा हँगरसकट स्वतःच्या छातीशी धरून उभा राहिला, पोर आपल्या खांद्याला लागत असेल की हनुवटीला, याचा अंदाज घेत, आणि रखवालदार हसू दाबत दुसरीकडे बघायला लागला तेव्हा त्यानं तो मुकाट्यानं जागेवर अडकवला. या डबीला माप नव्हतं.

मुलीला तो टिटवी म्हणायचा. जन्मली तेव्हापासून तिचा आवाज इमारतीच्या तिन्ही मजल्यांवर ऐकू जायचा. तिच्या आईचं आणि त्याचं भांडण असं कधी झालंच नाही. कामासाठी तो गावोगाव फिरायचा. आधी उशिरा येत गेला, मग आठवड्यानं, मग महिन्यानं, आणि एकदा आलाच नाही. कुणी जा म्हटलं नव्हतं. परत ये असंही कुणी म्हटलं नाही, आणि या दुसऱ्या गोष्टीचा राग त्यानं पुष्कळ वर्षं जपून ठेवला. तोवर टिटवी मोठी झाली. वर्षा-दोन वर्षांनी भेट व्हायची, तीही कुणाच्या तरी घरी, चार माणसांत.

या वेळी मात्र फोन तिनंच केला होता. काही सांगायचंय म्हणाली. तो म्हणाला, मी या दुकानात जिना दुरुस्त करतोय, वरच्या मजल्यावर चहा चांगला मिळतो.

ती त्याच्या आधीच येऊन बसली होती. खिडकीजवळचं टेबल धरलं होतं आणि समोरची खुर्ची आपल्या पर्सनं राखून ठेवली होती. तो आल्यावर ती उठून उभी राहिली. तेव्हा त्याला कळलं की ती त्याच्या कानाला लागते.

"बसा ना, बाबा," ती म्हणाली.

लहानपणी ती त्याला अरे-तुरे करायची. हे "बसा" कधी आलं, हे काही त्याच्या लक्षात राहिलं नव्हतं.

चहा आला. मग तिनं सांगितलं. लग्न करतेय. मुलगा तिच्याच ऑफिसातला, स्वभावानं गरीब आहे. थाटमाट नाही, पुढच्या आठवड्यात सह्या करायच्या आणि घरच्यांनी मिळून जेवायचं. तुम्ही या, असं तिनं दोनदा सांगितलं. त्यानंतर ती कपाच्या कानात बोट अडकवून बसली. मग म्हणाली की साक्षीदार म्हणून आपल्या बाजूनं मामा सही करणार आहे.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "त्यानंच केलं सगळं."

आता इथं गप्प बसलो तर हे टेबल कायमचं असंच राहील, असं त्याला वाटलं, आणि त्यानं घाईघाईनं पिशवीतून डबी काढून तिच्यासमोर सरकवली. खालच्या विक्रेतीनं सांगितलेलं त्यानं जवळजवळ पाठ म्हटलं. जुळवलेले रंग आहेत, चुकायची भीती नाही. निळा नाही आवडला तर नको लावूस. तपकिरी सगळे लावतात.

तिनं झाकण उघडलं. बराच वेळ आरशात न बघता नुसती रंगांकडे बघत राहिली.

"तुम्ही स्वतः निवडलीत?"

"मग! आठवडाभर पाहत होतो."

ती हसली. तो मोठ्या आशेनं बघत होता, हे तिला न दिसण्यासारखं नव्हतं. तिनं करंगळी निळ्या चौकोनावर टेकवली, पान मोडलं, आणि डाव्या पापणीवर तीच हलकेच फिरवली. मग मान तिरकी करून त्याला दाखवलं. कसं दिसतंय, असं तिनं विचारलं नाही, पण तो म्हणाला छान दिसतंय, आणि ते खरंच होतं. त्या एका निळ्या पापणीनं तिचा सगळा चेहरा लहानपणीसारखा खट्याळ झाला होता. त्याला एकदम बोलावंसं वाटू लागलं. तो जिन्याबद्दल बोलला, साखळीच्या एका कडीनं सगळ्या दुकानाला कसं पायी चढायला लावलं ते त्यानं रंगवून सांगितलं. ती ऐकत होती, मधे मधे हसत होती आणि रुमालाचं टोक डोळ्याला लावत होती.

दुसऱ्यांदा रुमाल लावला तेव्हा तो बोलायचा थांबला. पापणीची कड लाल झाली होती. बघता बघता ती फुगत होती.

"काय झालं गं?"

"काही नाही. गोळी आहे माझ्याकडे."

तिनं पर्सच्या आतल्या कप्प्यात न बघता हात घातला, गोळी काढली आणि उरलेल्या चहाबरोबर गिळली. मग ओल्या रुमालानं पापणी पुसली. हे सगळं तिनं इतक्या सवयीनं केलं की त्यानं विचारलं, नेहमी जवळ असते? नेहमी, ती म्हणाली. डोळ्यांना कसलाच रंग चालत नाही. लहानपणापासून.

"मला कुणी सांगितलं नाही," तो म्हणाला.

बोलावं की नाही, असा विचार तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता.

"तुम्हीच नेलं होतंत मला डॉक्टरांकडे," ती शेवटी म्हणाली. "शाळेत तोंड रंगवलं होतं, मांजराचं. दोन्ही डोळे मिटले होते. खांद्यावर घेऊन पळत गेलात. मला काही दिसत नव्हतं आणि तुम्ही सारखे सांगत होता, मी आहे, मी आहे."

त्याला आठवलं. सगळं एकदम नाही. आधी मानेभोवतीचे हात आठवले, मग सदऱ्यावर उतरलेला पांढरा रंग, जो पुढं कितीही धुतला तरी गेला नव्हता.

"मग लावलंस कशाला?"

तिनं डबी मिटली. खाली जाऊन बदलून आणतो, विक्रेती चांगली आहे, दुसरं काहीही देईल, असं म्हणत तो डबी घ्यायला पुढं झाला. पण तिनं ती उचलून पर्समध्ये ठेवली, गोळ्यांच्याच कप्प्यात, आणि चेन ओढून घेतली.

खाली कामावरचा जोडीदार वाट बघत असेल, पत्रा अजून बसवायचा होता. तिलाही घरी जायचं असेल, सुजलेल्या डोळ्यानं बापासमोर किती वेळ बसणार? त्यानं खुर्ची मागं सरकवली आणि टेबलाला हात टेकून तो अर्धवट उठला.

डोळा आता जवळजवळ मिटला होता. उरलेल्या एका डोळ्यानं तिनं वर पाहिलं.

"सूज उतरायला अर्धा तास लागतो," ती म्हणाली. "थांबाल?"