डाख

सूक्ष्मदर्शकाच्या नळीवरून डोळा उचलून चंपतरावांनी चष्मा चढवला, खालचं नाणं नुसत्या डोळ्यांनी पाहिलं, चष्मा काढला आणि परत नळीला डोळा लावला.

"आता डोंगर दिसून राहिला," ते म्हणाले.

"मघा तर चंद्रकोर होती ना, काका?" दुकानाचे मालक भैयाजी म्हणाले.

"भिंगातून चंद्रकोर. रिंगा लावल्या तर फूल. आन् यातून डोंगर. आता यातलं खरं कोणतं धरू?"

बर्डीच्या बाजारातल्या त्या कॅमेऱ्याच्या दुकानात तासाभरापासून हेच चाललं होतं. भैयाजींनी तीन वस्तू मांडल्या होत्या. कॅमेऱ्याच्या तोंडावर फिरवून बसवायचं भिंग, कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये घालायच्या रिंगा, आणि कुठल्याशा कॉलेजातून विकत घेतलेला जुना सूक्ष्मदर्शक, ज्याच्या डोक्यावर कॅमेरा बसत असे. टेबलावरचा दिवा इकडचा तिकडे सरकवला, की खूण आणखीच बदले.

चंपतराव दोन वर्षांपूर्वी रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झाले होते. जुनी नाणी जमवण्याचा नाद मात्र वीस वर्षांचा. त्यातल्या एका चांदीच्या रुपयावर, अगदी काठाशी, एक उंचवटा होता. तशी खूण त्यांना कुठल्याच पुस्तकात सापडली नव्हती. मुंबईच्या नाणे-अभ्यासकांच्या मंडळाला त्यांनी कळवलं, तेव्हा उत्तर आलं होतं : खुणेचा मोठा फोटो महिनाअखेर पाठवा, ती टांकसाळीची ठरल्यास आपल्या नावानिशी छापू. ते पत्र खिशात घडीवर विरत चाललं होतं.

"तुले काय दिसते, पाह्य बरं वं," ते बायकोला म्हणाले.

भागीरथाबाई इतका वेळ स्टुलावर बसून होत्या. त्या उठल्या, वाकल्या. एक डोळा मिटेना, म्हणून त्यांनी त्यावर तळहात धरला. आणि मग बराच वेळ त्या तशाच राहिल्या.

"चंद्रकोर हाये का?" चंपतरावांनी विचारलं.

हो म्हटलं असतं तर संपलं असतं. भागीरथाबाईंनी डोळा काढला, नाण्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"डाख हाये हा," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

"काय?"

"सोनारानं कडी जोडली होती. मायच्या गळ्यात रुपयांची माळ होती ना, त्यातला हा. बाबा गेल्यावर मायनं साऱ्या कड्या तोडून घेतल्या आन् आमाले बहिणींले एक-एक रुपया देला. कडी निंगाली, जोडाचा डाख राह्यला."

चंपतरावांनी शर्टाच्या टोकाने चष्मा पुसला. पुसून झाल्यावरही ते पुसत राहिले.

"आधी काहून नाही सांगितलं?"

"कधी दाखवला तुमी? मी देला त्या दिवशीच कागदात गुंडाळून कपाटात ठेवला. खूण खूण म्हणता, मले वाटे अक्षरात काही असंल."

भैयाजींनी दिवा मालवला आणि सूक्ष्मदर्शकावर कापड टाकायला घेतलं.

"थांबा," चंपतराव म्हणाले. "फोटो काढायचा हाये. तुमच्याच कॅमेऱ्यानं काढून द्या."

"आता काय लावू? हेच राहू देऊ?"

"नाही, भिंग लावा. त्याच्यात पुरा रुपया दिसते."

"मुंबईले पाठवता?" भागीरथाबाईंनी विचारलं.

"नाही." ते अडखळले. "म्हणजे, त्यायले तर लिहावंच लागंल, चूक झाली म्हणून."

"मंग फोटो काहून?"

चंपतरावांनी नाणं काळ्या कापडावर ठेवलं, डाख वरच्या अंगाला येईल असं फिरवलं, आणि विचारलं, "किती रुपये होते मायच्या माळेत?"

"अकरा," भागीरथाबाई म्हणाल्या. "माय चालली की वाजत. आमी विहिरीवरून आयकत होतो."

भैयाजींनी दिवा पुन्हा लावला, कॅमेऱ्याला डोळा लावला.

"आता हलू नका," ते म्हणाले.

ते टेबलाला टेकलेल्या चंपतरावांना म्हणाले होते. पण भागीरथाबाईंनी पदर डोक्यावर सारखा केला आणि त्या ताठ उभ्या राहिल्या.