फोडून बघितलेलं पुस्तक

आमच्या ह्यांनी जन्मभर गुळावर संशय घेतला आणि त्यावरच आमचं घर चाललं. शाहूपुरीत आमची गुळाची अडत. ह्यांचं नाव एकदाच घेते, दादासो. पुन्हा विचारू नका. गुळाची ढेप समोर आली की हे तिच्या वरच्या रूपाकडे बघायचे नाहीत. पालथी घालणार, मधोमध फोडणार, आतला खडा जिभेवर ठेवून डोळे मिटणार. फार पिवळीधमक असली तर रंगासाठी पावडर मारलेली असणार म्हणून चाखायच्या आधीच बाजूला सारणार. मला बघायला आले तेव्हाही माझ्याकडे न बघता माझ्या थोरल्या भावाला विचारत होते, "भांडती का?" त्यानं खरं ते सांगितलं, "रोज." तिथंच लग्न ठरलं.

चौऱ्याहत्तर साली ह्यांना लघवीचा त्रास सुरू झाला. तपासण्या झाल्या आणि मोठ्या डॉक्टरांनी प्रोस्टेटचा कॅन्सर आहे म्हणून सांगितलं. मूत्राशयाखाली पुरुषांना अशी एक अक्रोडाएवढी ग्रंथी असते, हे ह्यांना तोवर ठाऊकही नव्हतं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि पाठ थोपटून म्हणाले, घाबरायचं काही कारण नाही. तिथंच घोटाळा झाला.

"कायबी कारण न्हाय म्हणतोय," घरी येताना हे मला म्हणाले. "म्हंजे आत कायतरी हाय."

गोळ्यांची पुडी भिंतीतल्या देवळीत गेली. आधी वाचणार, पटलं तर घेणार, असा हुकूम निघाला. मी रोज सकाळी उठून ती पुडी बघायची आणि ती रोज तशीच, न उघडलेली. मला राग यायचा आणि त्याहून जास्त भीती वाटायची. ढेप आवडली नाही तर दुसरी येते. मला दुसरा नवरा कुठला आणायचा होता?

वाचायला आणायचं काम धाकट्या दिरांनी, गोमटेशनी, अंगावर घेतलं. माणूस उत्साही, फक्त डोकं जरा मागून येतं. पहिलं पुस्तक आलं ते पैलवानाच्या चित्राचं. एकच औषध आणि सगळे रोग पसार. ह्यांनी नेहमीसारखं ते मधोमध उघडलं, दोन ओळी वाचल्या आणि भावाकडे बघितलं.

"जमिनीतला कंद उगाळून घ्या म्हणतोय. आपल्यात कांदा चालत न्हाय, बटाटा चालत न्हाय. ह्यो कसा चालंल?"

"मी वरचंच वाचलं हुतं," दीर म्हणाले.

"गूळ बी तसाच घेतोस तू."

मग एका मासिकातला लेख आला. त्यात सारखं आनंदी राहा, आनंदी राहा. ह्यांनी तोही मधोमध उघडला. मध्येही आनंदीच राहायचं होतं. "सगळीकडं गोड," म्हणून त्यांनी तो बाजूला सारला. दीर बिचारे आणत राहिले, हे फोडत राहिले आणि पुडी देवळीतच राहिली.

शेवटी मी आमच्या मागच्या दारच्या मीनाक्षीला गाठलं. ती सरकारी दवाखान्यात नर्स. तिनं परड्याच्या भिंतीवरून एक पुस्तक दिलं. खाकी कागदाचं कव्हर, पाठ उसवलेली.

"काकी, आमच्या शिकण्यातलं हाय, काकांचा आजार बी हाय त्यात. पर काकांना आधीच सांगा, ह्यात काय गोड लिवलेलं न्हाय."

संध्याकाळी मी दोन ताटं वाढली. आम्ही जैन, दिवस बुडायच्या आत जेवतो. लग्न झाल्यापासून ह्यांचं ते कधी चुकलं नव्हतं. भाकरी मोडायच्या आधी ह्यांनी ते पुस्तक हातात घेतलं, उगीच, नेहमीसारखं बाजूला सारायला. मधोमध उघडलं. मग दोन पानं मागं गेले. मग पुढं. मग पाटावर बसल्या बसल्या मोठ्यानं वाचायला लागले.

"'ह्या गोळ्यांनी आजार आटोक्यात राहतो. तो कायमचा बरा होईल असे रुग्णास सांगू नये. छाती दुखते, बायकांसारखी फुगते. पुरुषपणाची इच्छा कमी होते, बहुधा जाते. ही गोष्ट रुग्णाला त्याच्या पत्नीसमोर...'"

तिथं हे थांबले. समोरच्या भिंतीवरचं ऊन सरकत कौलाकडे चाललं होतं. ते मला दिसत होतं, ह्यांना दिसत नव्हतं.

"'...पत्नीसमोर स्पष्ट सांगावी,'" ह्यांनी वाक्य पुरं केलं. पुस्तक मिटलं नाही, बोट घालून धरलं. "ह्ये इकायला लिवलेलं न्हाय. इकणारा आपणहून खोट दाखवत न्हाय."

"मग आता पटलं न्हवं?"

"पटलं." ते भाकरीकडे बघत होते. "पर ते तुझ्याम्होरं सांगायचं म्हणतंय."

"सांगितलंसा की आत्ता."

"मग?"

इतक्या वर्षांत ह्यांना घाबरलेलं मी पहिल्यांदा बघत होते. मरणाला नव्हे, मला. हसूही आलं आणि डोळेही भरले.

"माझ्या थोरल्या भावानं माझी खोट सांगितली हुती," मी म्हणाले. "तरी घेतलंसाच की मला. आता माझी पाळी."

ह्यांनी नाक ओढलं, धोतराच्या सोग्यानं पुसलं, आणि हात भाकरीकडे नेला. तेव्हा त्यांनी दाराबाहेर बघितलं.

"दिवस बुडाला की. सांगितलं का न्हाईस?"

"तुमी वाचत हुतासा."

ताटं तशीच उचलली. रात्री आमच्यात पाणीसुद्धा नाही, मग गोळी कुठली? दोघंही उपाशी झोपलो आणि मला कित्येक दिवसांनी गाढ झोप लागली.

पहाटे उठले तर हे देवळीपाशी. पुडी उघडलेली, गोळी तळहातावर, आणि हे दाराकडे तोंड करून दिवस उगवायची वाट बघत उभे. मध्येच गोळी नाकाशी नेऊन हुंगत होते.

"गिळायची असती ती," मी म्हणाले. "चाखायची न्हाय."

"भांडती," हे भिंतीला म्हणाले.

कौलावर ऊन आलं तेव्हा मी पाण्याचा तांब्या पुढं केला.