मोठ्या दिरांची खुर्ची

मोठे दीर दातांचे डॉक्टर. त्यामुळे माझ्या नवऱ्याचं तोंड आपल्याच मालकीचं, असा त्यांचा समज. ह्याच्या हिरड्या लालभडक सुजलेल्या, गालांना आतून पिवळ्या पुळ्यांच्या नागमोडी रांगा, जेवण तर सोडाच, पाणी पितानाही जीव जायचा. दीर म्हणायचे, “नीट घासतच नाही. पहिल्यापासून आळशी.” औषधं झाली, गुळण्या झाल्या, फरक ढिम्म नाही. शेवटी त्यांनी फर्मान काढलं, खालचे पुढचे दात काढायचे. आणि हा गुमान खुर्चीत आडवा झाला. दादासमोर ह्याची बोलती कायमच बंद.

घरात मात्र मी राहते. संडासात पडणारं रक्त, सारखी पळापळ, कमरेवरून घसरणारी पँट, सगळं मला दिसत होतं. विचारलं की वसकन अंगावर यायचा. “मूळव्याध आहे. दादाला बोललीस तर याद राख.”

त्या दिवशी मी खुर्चीशेजारीच उभी होते. दिरांनी इंजेक्शन हातात घेतलं आणि मला राहवेना.

“भाऊजी, थांबा. ह्याला संडासातून रक्त जातंय. बरेच दिवस.”

“इथे तोंडाचं चाललंय. तू बाहेर बस.”

“नाही बसणार. एका दाताला हात लावलात तर गाठ माझ्याशी आहे.”

नवऱ्याने माझ्याकडे असं बघितलं, की खाऊ की गिळू. दिरांनी विचारलं, “खरं आहे का रे?” त्यांनी पुन्हा दरडावलं, तेव्हा कुठे ह्याची मान हलली. दिरांनी इंजेक्शन खाली ठेवलं आणि माझ्याकडे न बघता मोठ्या हॉस्पिटलची चिठ्ठी लिहिली.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी गालाचा तुकडा तपासला, मग आतड्यात दुर्बीण घातली. मोठं आतडं जखमांनी भरलेलं. “दुखणं आतड्याचं आहे, तोंडात त्याचीच खूण उमटलीय. फार क्वचित होतं असं,” त्या म्हणाल्या. “दात धड आहेत. अजून थांबला असतात तर आतडं काढायची वेळ आली असती.”

स्टिरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या, आतड्याचं औषध सुरू झालं. पुळ्या हळूहळू वाळल्या. मग एके दिवशी हा पहिल्यांदा न कण्हता पोटभर जेवला, पाणी प्यायला आणि म्हणाला,

“दादासमोर माझी अब्रू काढायची काय गरज होती?”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतके दिवस मी रडले नव्हते, तेव्हा रडायला आलं. त्याच्या ताटाशेजारी गोळी आपटली आणि म्हटलं, “आधी ही गीळ. मग हवं तितकं भांड.”

त्याने गोळी घेतली आणि उष्टं ताट तसंच टाकून उठला.