माडीवरची रेल्वे

गोरखने रिमोटची चकती उजवीकडे फिरवली आणि दोन्ही इंजिनं निघाली. आतल्या रुळावरचं त्याचं लाल इंजिन निघालं, ते ठीकच होतं. पण बाहेरच्या रुळावरचं थोरल्या भावाचं निळं इंजिनही शिट्टी देऊन त्याच्या बरोबरीने धावू लागलं.

बाजीराव खुर्चीत बसले होते. त्यांचा रिमोट मांडीवर पडला होता. त्यांनी दोन्ही हात वर करून दाखवले, आपण कशालाही बोट लावलेलं नाही हे खोलीतल्या एकुलत्या साक्षीदाराला दिसावं म्हणून.

साक्षीदार म्हणजे त्यांची बायको फुलाबाई. ती दाराशी सूप घेऊन तांदूळ निवडत होती.

"अगं, त्याला सांग," बाजीराव म्हणाले, "माझ्या करंटावर आकडा टाकायचा बंद कर म्हणावं."

"वहिनी, दादांना सांगा," गोरख रुळाकडे बघत म्हणाला, "आकडा टाकाया मी काय खांबावर चढलोय? त्यांचंच इंजिन माझ्या मागं मागं येतंय."

"दोगांनीबी ऐकलंय," फुलाबाई म्हणाली. "मला मदी कशाला घेता?"

दोघा भावांचं भोरला पंपाच्या जळालेल्या मोटारी नवी तार गुंडाळून भरून देण्याचं दुकान होतं. भाटघर धरणाच्या कडेला बंगला असलेल्या एका साहेबांची पंपाची मोटार ते वर्षानुवर्षं सांभाळायचे. साहेब कायमचे परदेशी निघाले तेव्हा त्यांनी आपली खेळातली रेल्वे खुशीने या दोघांना देऊन टाकली. रूळ, डबे, एक जुनं इंजिन आणि भलंमोठं टेबल. भावांच्या उत्रोली गावात रेल्वे नव्हती, ती अशी टेम्पोतून आली आणि थेट माडीवर गेली. मग रोज संध्याकाळी दुकान बंद करून भाऊ माडीवर जात. कधी बोगदा रंगव, कधी सिग्नलचा दिवा बदल. जेवायला दोन-तीनदा हाका माराव्या लागत.

यंदा दुकानाची पाटी नवी केली. 'बाजीराव व गोरख बंधू' असं लिहायचं ठरलं होतं. रंगाऱ्याने 'बाजीराव' एवढं ठसठशीत काढलं की पुढे 'बंधू' कसंबसं बसलं आणि गोरख बाहेर राहिला.

"बंधूमदी तू आलासच की," बाजीराव म्हणाले होते.

गोरखने महिन्याच्या आत समोरच्या गाळ्यात स्वतःचं दुकान टाकलं. पाठोपाठ घरात भिंत आली. बैल नव्हतेच, भांडी वाटली गेली, फणसाच्या फांद्यासुद्धा वाटल्या गेल्या. माडी मात्र वाटता येईना, कारण टेबल दारातून बाहेर निघत नव्हतं आणि जिना फुलाबाईच्या स्वयंपाकघरातून जात होता. शेवटी बाहेरचा रूळ थोरल्याला आणि आतला धाकट्याला असं ठरलं. करंट देणारा डबा सामाईक राहिला, रिमोट ज्याचा त्याला. जुन्या इंजिनाचे दोन भाग होईनात म्हणून ते कपाटात गेलं आणि दोघांनी पुण्याहून आपापलं नवं इंजिन आणवलं.

तेव्हापासून हे सुरू होतं. एकाने चकती फिरवली की दोन्ही पळत. एकाने थांबवलं की दोन्ही थांबत. दोघेही मोटारीतले जाणते. त्यांनी आपापली इंजिनं खोलून बघितली. तार धड होती, कॉइल धड होती, जळल्याचा वास नव्हता. यात दोष नाही म्हणजे भावात आहे, असा निष्कर्ष दोघांनी वेगवेगळा काढला.

"सोमवारी सुताराला बोलावतो," बाजीराव फुलाबाईला म्हणाले. "टेबलच मदोमद कापून टाकू."

"रूळ गोल हाय," फुलाबाई म्हणाली. "कापल्यावर अर्दा तुमच्याकडं, अर्दा भावजींकडं. मग गाडी जायाची कुठं?"

"आपापल्या हद्दीपर्यंत," गोरख परस्पर म्हणाला.

बाजीरावांनी मान डोलावली. पाटीनंतर दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं.

फुलाबाईने सूप खाली ठेवलं आणि खाली जाऊन मोबाईल हुडकला. इंजिनं ज्या दुकानातून आली होती, तिथला नंबर खोक्यावर होता.

रविवारी एसटीने शेफाली आली. ही पुण्याची मुलगी अशाच गाड्यांची दुरुस्ती करत हिंडायची. खांद्यावर सॅक होती आणि भूक लागलेली होती. फुलाबाईने आधी भाकरी वाढली. मग शेफालीने माडीवर जाऊन एक चकती फिरवून पाहिली, दुसरी फिरवून पाहिली आणि हसली.

"काका, बिघाड काहीच नाहीये. प्रत्येक इंजिनाच्या पोटात एक नंबर असतो. रिमोट त्या नंबराला हाक मारतो. कारखान्यातून सगळी इंजिनं तीन हाच नंबर घेऊन बाहेर पडतात. तुमची दोन्ही अजून तीनच आहेत. एका नावाची दोन मुलं घरात असली, की एक हाक मारली तरी दोघं येणार."

दोघा भावांनी आपापल्या रिमोटकडे पाहिलं.

"म्हंजे आकडा न्हाई?" फुलाबाईने मुद्दाम विचारलं.

"कसला आकडा?"

"काय न्हाई. तू सांग पुढं."

"एकाचा नंबर बदलायचा, झालं. एक तीन राहील, दुसरं चार करू. चार कुणाचं करू?"

बाजीराव बोगद्याकडे बघू लागले. गोरख छताकडे.

"तिला सांग," बाजीराव म्हणाले, "थोरल्यानं नंबर बदलायची रीत न्हाई आपल्यात."

"ताई, माझं नाव पाटीवरनं गेलंय," गोरख म्हणाला. "आता नंबर सोडणार न्हाई."

शेफालीने फुलाबाईकडे पाहिलं. फुलाबाईने कपाळावर हात मारला.

"मग तीन कुणालाच नको," शेफाली म्हणाली. "दोघांनी वेगळे नंबर सांगा."

बाजीरावांनी बराच विचार करून सात सांगितला. गोरखने लगेच आठ सांगितला, कारण तो सातापेक्षा मोठा होता.

शेफालीने बाजूला रुळाचा एक सुटा तुकडा जोडला. त्यावर एका वेळी एकच इंजिन ठेवायचं, हे बटण धरायचं, नंबर द्यायचा, दिवा लुकलुकला की काम झालं. "पुढे कधी बदलायचा झाला तर मला बोलवायला नको," असं म्हणून तिने तेच दुसऱ्या इंजिनावर सावकाश करून दाखवलं. आपल्याला त्यात रस नाही असं दाखवत दोघेही टक लावून बघत होते. मग तिने बाजीरावांचा रिमोट सातावर लावला, गोरखचा आठावर.

बाजीरावांनी चकती फिरवली. निळं एकटंच गेलं. गोरखने फिरवली. लाल एकटंच गेलं.

"झालं वाटप," शेफाली खुशीत म्हणाली. फुलाबाईने तिला तांदळाची पिशवी दिली आणि बाजीरावांनी सुताराला येऊ नको म्हणून फोन केला.

भांडण मिटलं आणि माडी ओस पडली. आता एकमेकांसाठी थांबायचं काही कारण उरलं नव्हतं. गोरख दुपारी जेवून येई, लाल इंजिनाला एक चक्कर मारून निघून जाई. बाजीराव संध्याकाळी जात. फुलाबाईला खालून ऐकू येई: गाडी निघाली, फिरली, थांबली. मग बराच वेळ काहीच नाही. एकदा ती चहा घेऊन वर गेली, तर नवरा रिमोट हातात धरून आतल्या रुळाकडे बघत बसला होता.

"चालवत का न्हाई?"

"चालवली की."

"मग?"

"मग काय. फिरून तितंच येती."

पुढच्या रविवारी सकाळी फुलाबाई देवळात गेल्याचं बघून बाजीराव माडीवर चढले. निळं इंजिन उचलून त्यांनी सुट्या रुळावर ठेवलं, चष्मा पुसला, बटण धरलं आणि नंबर सातावरून आठ केला. दिवा लुकलुकला. इंजिन परत जाग्यावर ठेवून ते खाली आले आणि कधी नव्हे ते स्वतः मिरच्या निवडू लागले. आता धाकट्याने चकती फिरवली की निळंही त्याच्याबरोबर जाणार होतं. नंबर कुणी बदलला हे कुणाला कळायचं कारण नव्हतं. यंत्राचा काय भरवसा.

दुपारी गोरख आला.

"वहिनी, माझा पेचकस वर ऱ्हायलाय वाटतं."

तो बऱ्याच वेळाने खाली आला तेव्हा त्याच्या हातात काही नव्हतं. फुलाबाईने ते पाहिलं.

"आज दादा सांजच्याला हायत का?" त्याने चपला घालताना विचारलं.

"हायत की. का?"

"काय न्हाई. येऊन जाईन म्हणतो."

संध्याकाळी दोघे माडीवर समोरासमोर बसले. फुलाबाई सूप घेऊन दारात बसली, निवडायला काही नव्हतं तरी. दोन्ही इंजिनं स्टेशनात उभी होती. कुणीच चकतीला हात लावेना.

"चालव की," बाजीराव म्हणाले. मध्ये कुणाला न घालता, थेट.

गोरखने दचकून वर पाहिलं. "तुमी आदी, दादा. तुमी थोरले."

"तू पावणा हाईस. तू आदी."

"छ्या. तुमच्या आदी मी कसा?"

"आरं, चालव म्हणतो ना!"

"तुमी हात तर लावा, दादा."

हे एवढं लांबलं की शेवटी फुलाबाईने सूप आपटलं. वाद संपवायचा म्हणून बाजीरावांनी आपली चकती जराशी फिरवली. त्यांचा रिमोट सातालाच हाक मारत होता आणि सात नंबरचं इंजिन सकाळपासून घरात नव्हतं. काही हलणार नाही याची त्यांना खात्री होती.

लाल इंजिन हललं.

बाजीराव बघतच राहिले. लालचा नंबर तर आठ होता, तो सात कुणी केला? गोरखही बघत राहिला, पण निळ्याकडे. ते का निघत नाही हे त्याला समजेना. त्याने न राहवून आपली चकती फिरवली. निळं इंजिन शिट्टी देऊन निघालं.

माडीवर दोन गाड्या शेजारी शेजारी धावू लागल्या. बाजीरावांनी भावाकडे पाहिलं. मग सुट्या रुळाकडे, मग परत भावाकडे. गोरखचे कान लाल झाले होते.

"तुजं काय बिघडलं व्हय रं?"

"न्हाई. तुमचं?"

"न्हाई."

"पुण्याच्या पोरीला बोलवू का परत?" फुलाबाईने विचारलं.

"नको," दोघे एकदम म्हणाले.

लाल इंजिन बोगद्यातून बाहेर आलं आणि आतल्या अवघड वळणाकडे निघालं. गोरख खुर्चीत पुढे सरकला.

"दादा, तितं जरा हळू घ्या. उलटतं ते."

"मला शिकवतो व्हय!" बाजीराव म्हणाले, आणि दोन्ही हातांनी रिमोट धरून त्यांनी चकती इतकी मागे घेतली, की गाडी वळणावर जवळजवळ थांबलीच.